खवले उभे राहण्याआधी

निरोगी गोल्डफिशचे खवले अंगाला इतके चपट बसलेले असतात की ते वेगवेगळे आहेत हे विसरायला होतं. ड्रॉप्सी झालेल्या गोल्डफिशकडे मात्र वरून पाहावं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं असतं आणि पिकत आलेल्या सीताफळाचे डोळे उघडावेत तसा एकेक खवला अंगापासून सुटा उभा राहिलेला असतो. कधी माशाचे डोळेही बाहेर आलेले असतात. ही खूण नजरेतून सुटणं अशक्य, म्हणूनच बहुतेक घरांत माशाच्या आजाराची पहिली दखल इथे घेतली जाते. मग फोटो काढून दुकानदाराला पाठवला जातो, निळ्या औषधाची बाटली येते, मूठभर खडे मीठ पडतं, कुणीतरी सांगितलं म्हणून घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडली जाते. तासाभरात टाकी निळीशार होते आणि घरातल्यांना बरं वाटतं. माझं म्हणणं असं की त्या क्षणी बरं वाटलेलं असतं ते फक्त घरातल्यांना. माशासाठी जे करायचं ते कितीतरी आधी करायचं राहून गेलेलं असतं, आणि आता जे करण्यासारखं आहे ते या निळ्या पाण्यात दिसेनासं होतं.

हे पटायला माशाच्या शरीरातला एक हिशोब समजून घ्यावा लागतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून पाणी सतत आत झिरपत राहतं. असा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, तरी आत आलेलं पाणी बाहेर टाकण्याचं काम त्याची मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. ती निकामी झाली की पाणी बाहेर जाणं थांबतं, आत येणं मात्र चालूच राहतं. ते आधी पोटाच्या पोकळीत साठतं, मग खवल्यांखाली. म्हणजे खवले उभे राहतात तेव्हा आजार सुरू झालेला नसतो, बराचसा उरकत आलेला असतो. शिवाय ड्रॉप्सी हे कोणत्या एका रोगाचं नाव नाही. एरोमोनास जातीच्या जिवाणूंचा संसर्ग, महिनोन्महिने खराब राहिलेलं पाणी, पोटातली गाठ, परजीवी, या सगळ्यांचा शेवट बाहेरून सारखाच दिसू शकतो. शेवट पाहून कारणावर औषध देता येत नाही. तेव्हा माशाच्या गंभीर आजारात पहिली जबाबदारी ओळखण्याची, उपचाराची नंतरची. आणि ओळखण्याची सुरुवात माशापासून करण्याऐवजी पाण्यापासून करावी लागते.

पाण्यापासून का, याचं कारण टाकीच्या रचनेतच आहे. नदीतल्या माशाला पाणी नकोसं झालं तर तो दुसरीकडे जातो. टाकीतला मासा जाणार कुठे? तो ज्यात श्वास घेतो त्यातच त्याची घाण जाते, आणि ती दिसतही नाही. माशाच्या शरीरातला नायट्रोजनचा कचरा बहुतांशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. फिल्टरमधल्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र टाकी, खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि दहा मासे एकाच दिवशी एकाच रिक्षातून घरी येतात. त्यात पाण्याचा स्वभाव वेगवेगळा. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच आठ झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्या घरात आणि नळाचं मऊ पाणी वापरणाऱ्या घरात सारखीच टाकी, सारखेच मासे आणि सारखाच निष्काळजीपणा असला तरी एकीकडचे मासे मरतात, दुसरीकडचे तगतात. मग तगलेल्या घराचा सल्ला मेलेल्या घराला दिला जातो.

म्हणून आजारी मासा दिसला की काही साधे प्रश्न आधी विचारावेत. एकच मासा आजारी आहे की सगळेच अस्वस्थ आहेत? सगळेच असतील तर संशय पाण्यावर. एकाच वेळी सगळ्यांना संसर्ग होऊन सगळे एकाच संध्याकाळी पृष्ठभागावर तोंड काढतील असं सहसा घडत नाही. त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी दिसतो? मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडत असतील आणि दुपारी ठीक दिसत असतील तर प्राणवायू कमी पडतोय; टाकीतल्या खऱ्या वनस्पतीही रात्री तो वापरतच असतात. उन्हाळ्यात हे आणखी बिकट होतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला आणि टाकीत गर्दी असली तर कोणताही रोग नसताना मासे मरू शकतात. कल्ल्यांचा रंग कसा आहे? लालऐवजी तपकिरी असेल तर नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतंय. गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं, कोणता नवा मासा आला, फिल्टर नळाखाली धुतला का? क्लोरिनच्या पाण्याने स्पंज खसाखसा धुणं म्हणजे जिवाणूंची वसाहत गटारात सोडणं. या प्रश्नांना पैसे पडत नाहीत, पण ते विचारायला थांबावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला थांबणं हेच अवघड जातं.

न थांबता केलेला उपचार नुसता वाया जात नाही, कित्येकदा उलटतो. अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसणारा इक हा आजार घ्या. तो होतो एका एकपेशीय परजीवीमुळे. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि पाण्यातलं औषध तिथे पोहोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाशी जातो, एका आवरणात विभागतो, आणि त्यातून शेकडो पोरं पोहत बाहेर पडतात. औषधाला बळी पडते ती ही पोहणारी अवस्था. तेव्हा ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवणं ही इथली नेमकी चूक: ठिपके गेलेत कारण परजीवी वाढायला बाहेर पडलाय. हा फेरा लवकर पुरा व्हावा म्हणून इकमध्ये पाण्याचं तापमान वाढवतात, आणि ते योग्यच. पण तोंडाभोवती पांढरट कापसासारखा थर आला तर लोक त्यालाही बुरशी किंवा ‘तोच पांढरा रोग’ समजून हीटर लावतात. तो पुष्कळदा कॉलम्नॅरिस असतो, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, आणि ऊब मिळाली की तो अधिक झपाट्याने वाढतो. एक-दोन दिवसांत मासा जातो. पांढरा रंग दोन्हीकडे सारखा, उपाय एकमेकांच्या विरुद्ध.

टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलचंही असंच. एक तर गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्या पोटात जाण्याचा मार्गच अरुंद. दुसरं, जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतं, म्हणजे बोअरच्या पाण्यात ते आणखी निकामी. तिसरं, जे काम करतं ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही करू शकतं, आणि आजारी माशाला त्याच आठवड्यात अमोनियाचाही मार बसतो. उरलेलं औषध पाणी बदलताना मोरीतून बाहेर जातं. शोभेच्या माशांच्या टाक्यांमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारे एरोमोनास देशोदेशीच्या तपासण्यांत सापडले आहेत. अंदाजाने फोडलेल्या कॅप्सुलींचा त्यात वाटा नाही असं मानायला जागा नाही. साधं मीठसुद्धा कारण कळलं तरच औषध ठरतं. नायट्राइटच्या विषबाधेत मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. ड्रॉप्सीच्या सुरुवातीला थोडं मीठ पाणी आत झिरपण्याचा जोर कमी करतं. तेच मीठ टाकीतल्या वनस्पतींना आणि कोरिडोरससारख्या तळाच्या माशांना सोसत नाही. मूठ तीच, पण कारण माहीत असलेल्या माणसाच्या हातून पडलेली मूठ मोजलेली असते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हे सगळं सांगायला सोपं, पण घरात प्रयोगशाळा कुणाकडे आहे? गल्लीतला पशुवैद्य कुत्र्यामांजरांचा. मासा घेऊन गेलं तर तोही हात टेकतो. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय इथे मत्स्यरोगांचे जाणकार आहेत, पण त्यांचं लक्ष मुख्यतः मत्स्यशेतीकडे, आणि सोलापूरच्या घरातला एक गोल्डफिश तिथे पोहोचेपर्यंत वाचायचा नाही. हे सगळं मान्य. पण या आक्षेपातून अंदाजाने औषध टाकण्याचं समर्थन निघत नाही, उलट होतं. रोगाचं नाव कळायचा मार्ग नसेल तेव्हा ज्याने कोणत्याही रोगात नुकसान होत नाही तेच आधी करावं. अमोनिया आणि नायट्राइट मोजणारा किट आणावा. दोन्हींचं माप शून्य यायला हवं. क्लोरिन उतरवलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं पाणी घेऊन पाव ते निम्मं पाणी बदलावं. हवेचा पंप वाढवावा, दाणा एक-दोन दिवस बंद ठेवावा, संसर्गाचा संशय असेल तर आजारी माशाला वेगळ्या लहान टाकीत हलवावं, म्हणजे औषध द्यायचंच ठरलं तरी ते त्याच्यापुरतं राहतं. आणि नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवूनच मुख्य टाकीत सोडावा. यातल्या एकाही गोष्टीला डॉक्टर लागत नाही. मुख्य म्हणजे दाणा टाकताना दोन मिनिटं पाहावं. मासा अन्नासाठी आला का, पर अंगाशी मिटून घेतलेत का, दगडाला अंग घासतोय का, कोपऱ्यात एकटा आहे का. शिकार होणारे प्राणी आजार लपवतात, कारण दुर्बळ दिसणारा आधी खाल्ला जातो. काचेपलीकडे शिकारी नाही हे माशाला ठाऊक नसतं. त्यामुळे तो लपवतो ते आपल्याला शोधावं लागतं.

दुसरा आक्षेप उघडपणे कमी आणि मनातल्या मनात जास्त घेतला जातो: पन्नास रुपयांच्या माशासाठी त्याहून महागडा किट कशाला? नवा आणता येतो की. इथे किंमत आणि आयुष्य यांची गल्लत आहे. मासा स्वस्त आहे तो चेन्नईच्या कोलत्तूरसारख्या ठिकाणी त्याची प्रचंड पैदास होते म्हणून, तो अल्पायुषी आहे म्हणून नव्हे. नीट पाळलेला गोल्डफिश दहा-वीस वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा जत्रेत जिंकलेला गोल्डफिश 1999 साली मेला तेव्हा 43 वर्षांचा होता. आपल्याकडे गोल्डफिश वर्षभर टिकला तर तो चांगला टिकला असं म्हणतात, यावरूनच आपली मोजपट्टी किती आखूड झालीय ते दिसतं. आणि वेदनेचं काय? 2003 साली लिन स्नेडन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे खड्यांवर ओठ घासू लागले, त्यांच्या कल्ल्यांची हालचाल वाढली, आणि पुन्हा अन्नाकडे वळायला त्यांनी इतर माशांच्या जवळपास दुप्पट वेळ घेतला. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. जेम्स रोझ, ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की माशाच्या मेंदूत निओकॉर्टेक्स हा भाग नाही, म्हणून ही प्रतिक्रिया आहे, अनुभव नाही. वाद मिटलेला नाही. पण तो मिटेपर्यंत संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हे आपल्या हातात आहे, आणि तो किट वाचवणाऱ्याला देण्यापेक्षा माशाला दिलेला बरा. आपल्या कायद्यानेही हा प्रश्न माणसांच्या सोयीवर सोडलेला नाही: 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी ‘प्राणी’च ठरतो.

तिसरा अडथळा आक्षेपाच्या रूपात येतच नाही, तो दिलाशाच्या रूपात येतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवणाऱ्या, दिवाणखान्यात अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्या घरांत मासा मेला की म्हणतात, घरावरचं काहीतरी त्याने आपल्या अंगावर घेतलं. लगेच त्याच्या जागी दुसरा आणला जातो. या समजुतीमागे कृतज्ञता आहे, तिची टिंगल करावीशी वाटत नाही. पण तिचा परिणाम पाहावा. मृत्यूला इतकं समाधानकारक कारण मिळालं की खरं कारण शोधायची गरज उरत नाही. पाणी तेच, फिल्टर तोच, त्यात नवा मासा. तोही संकट अंगावर घेतो, आणि मग त्याच्यानंतरचाही. लागोपाठ तीन मासे मेले तर त्या घरावर कोणतं संकट होतं याचा शोध पाण्याच्या किटने बहुधा पाच मिनिटांत लागला असता. ज्याने आपल्यासाठी जीव दिला असं आपण मानतो त्याच्यानंतर येणाऱ्याला तरी त्याच पाण्यात घालू नये, एवढी कृतज्ञता त्या समजुतीतूनही निघायला हरकत नाही.

सगळं वेळेवर करूनही काही मासे वाचत नाहीत, आणि इथे प्रश्न सर्वांत अवघड होतो. खवले पूर्ण उभे राहिलेला, खाणं सोडलेला, तळाशी आडवा पडलेला मासा क्वचितच परत येतो. फिश टीबी म्हणून ओळखला जाणारा मायकोबॅक्टेरियमचा आजार माशाला आठवडेच्या आठवडे झिजवतो, पोट खपाटीला जातं, पाठीचा कणा वाकतो, आणि त्यावर भरवशाचा इलाज नाही. त्या कुळातला मायकोबॅक्टेरियम मरिनम 1926 साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत अ‍ॅरनसन या संशोधकाने शोधला, आणि तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून महिनोन्महिने बऱ्या न होणाऱ्या गाठी देतो. हाताला खरचटलेलं असताना टाकीत हात घालू नये ते यासाठीच. अशा वेळी आपल्याकडचं नेहमीचं उत्तर असतं: मारायचे आपण कोण, निसर्गावर सोपवावं. हा विचार हलका नाही. 1928 साली साबरमती आश्रमात असाध्य आजाराने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण देवविलं, तेव्हा अहिंसेच्या नावानेच त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी लेख लिहून आपल्या निर्णयाची बाजू मांडली. सेवेने आणि उपचाराने काहीच हलकं होत नाही तिथे वेदना संपवणं हाही अहिंसेचाच भाग, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. माशाच्या बाबतीत ‘निसर्गावर सोपवू’ हे म्हणणं मला आणखी लंगडं वाटतं, कारण टाकीत निसर्ग नावाची गोष्ट नाही. नदीत तळाशी पडलेल्या माशाला काही वेळात कुणीतरी खाऊन त्याचा प्रश्न संपवतं. टाकीत शिकारी काढून टाकला आपण, पाणी ठरवलं आपण, पळण्याची वाट बंद केली आपण. शेवट तेवढा निसर्गाचा म्हणून हात झटकता येत नाही.

शेवट करायचा तर कसा, हेही माहीत असायला हवं, कारण इथेही अंदाज क्रूर ठरतो. कमोडमध्ये टाकून पाणी ओढणं, जिवंत मासा फ्रीजरमध्ये ठेवणं, पाण्याबाहेर काढून ठेवणं, हे तिन्ही मार्ग माणसाला मृत्यू नजरेआड करून देतात, माशाला सोपा करून देत नाहीत. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल माशाला भूल देतं. टाकीचंच पाणी एका भांड्यात घेऊन मासा त्यात ठेवावा, लवंगेचं तेल वेगळ्या बाटलीत थोड्या पाण्याबरोबर दुधाळ होईपर्यंत हलवावं आणि ते भांड्यात हळूहळू घालावं. मासा आधी तोल सोडतो, मग निपचित होतो. त्यानंतर प्रमाण वाढवावं, आणि कल्ल्यांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही बराच वेळ त्याला तिथेच राहू द्यावं. मग जमिनीत पुरावं. आजारी मासा तळ्यात किंवा विहिरीत सोडून पुण्य पदरात पडतं असं वाटणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की त्याच्याबरोबर त्याचा आजारही तिथे सोडला जातो. असा सोडलेला धडधाकट मासाही काय करू शकतो ते भारतातल्या कित्येक तलावांत पसरलेल्या सकरमाउथ कॅटफिशने दाखवलं आहे. तोही कधीकाळी कुणाच्या तरी टाकीची काच साफ करायला आणलेला होता.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, छंद म्हणून मासे पाळायचे आणि त्यासाठी रसायनशास्त्र, रोगनिदान आणि मृत्यूची नीती शिकायची, हे अति झालं. मला ते अति वाटत नाही, फक्त उशिरा सांगितलेलं वाटतं. पाण्याची दोन मापं, नव्या माशासाठी एक वेगळी टाकी, दाणा टाकतानाची दोन मिनिटं आणि वेळ आलीच तर शेवटच्या निर्णयाची तयारी, हा माशाच्या किमतीचाच भाग आहे. दुकानात तो भाग सांगितला जात नाही. तिथे सांगतात की कुत्र्यामांजरासारखं यांचं काही करावं लागत नाही, दाणा टाकला की झालं. त्या भरवशावर घरी आणलेल्या माशाचे खवले उभे राहिले, तर आजाराचं मूळ शोधताना पाण्याच्याही आधी त्या वाक्यापाशी जावं लागतं.